गाडी कधी तापते?



घरचा जुना पिकअप गरम व्हायला लागला, की आजूबाजूचा प्रत्येक जण मिस्त्री होतो. एक जण म्हणतो, "थर्मोस्टॅट काढून फेकून दे." दुसरा म्हणतो, "रेडिएटर चोकअप झालाय." तिसरा "हेड गेलं बहुतेक" असं हळूच सांगतो आणि मालकाची रात्रीची झोप उडवतो. गंमत अशी, की यातला प्रत्येक जण कधी ना कधी बरोबर असतो, कारण गाडी या सगळ्याच कारणांनी तापते. म्हणूनच नुसत्या अंदाजाने एकेक भाग बदलत गेलं, की पैसे जातात, दिवस जातात आणि काटा पुन्हा लाल पट्ट्यात जातोच.

मी ईएमईत, म्हणजे सेनेच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि मेकॅनिकल इंजिनिअर्स कोअरमध्ये, गाड्यांच्या वर्कशॉपवर नोकरी केली. १९४३ साली उभ्या राहिलेल्या या कोअरचं कामच मुळी बिघडलेलं यंत्र पुन्हा चालतं करण्याचं. तिथे नवा जवान पाना घेऊन गाडीकडे धावला, की आमचे उस्ताद त्याला अडवायचे. आधी ड्रायव्हरला बोलवायचे आणि विचारायचे, गाडी गरम कधी होते? सकाळी चालू केल्याबरोबर? उभी असताना? चढावर? की सपाट रस्त्यावर वेगात? बिघाडाचा अर्धाअधिक पत्ता या 'कधी'मध्येच असतो, आणि तो विचारायला एक रुपयाही लागत नाही.

हा पत्ता कसा वाचायचा ते कळण्यासाठी आधी इंजिनात काय चाललेलं असतं ते पाहू. डिझेल जळून निघणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश गाडी ओढण्याच्या कामी येते, एक तृतीयांश धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जाते आणि उरलेली बरीचशी इंजिनाभोवतीच्या पाण्यात उतरते. साठ-पासष्ट अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोर लावत असेल, तर पाण्यात उतरणारी उष्णता घरातले पंधरा-वीस गिझर एकदम चालू ठेवल्याइतकी असते. ती सतत बाहेर टाकायची, तर तीन गोष्टी धड चालल्या पाहिजेत. पाणी पुरेसं हवं, ते फिरायला हवं आणि रेडिएटरच्या जाळीतून वारा जायला हवा. पाणी फिरवायचं काम वॉटर पंपाचं. त्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाचा दरवान बसलेला असतो. त्याच्या पोटात मेण भरलेलं असतं. पाणी सुमारे ८२ अंश सेल्सिअसला पोचलं, की मेण वितळून फुगतं, झडप ढकलतं आणि रेडिएटरकडची वाट उघडते. वारा ओढायचं काम पंख्याचं. पण गाडी वेगात असली, की समोरून येणारा वाराच पुरतो, पंख्याची फारशी गरज राहत नाही. हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा.

आता समजा गाडी उभी असताना, रेल्वे फाटकाच्या रांगेत किंवा बाजारातल्या गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्याला लागली की काटा खाली येतो. वेग आल्यावर वारा मिळाला आणि गाडी थंड झाली, म्हणजे पाणी फिरतंय आणि रेडिएटरही बरा आहे. कमी पडतोय तो वारा. मग संशय पंख्यावर घ्यायचा. बेल्ट सैल आहे का? चकचकीत, काचेसारखा झाला आहे का? बऱ्याच पिकअपमध्ये पंखा थेट न जोडता मध्ये विस्कस क्लच असतो. त्यात दाट सिलिकॉन तेल असतं; रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली, की ते तेल पकड घेतं आणि पंखा जोरात फिरतो. तेल गळून गेलं, की पंखा फिरताना दिसतो खरा, पण वारा ओढत नाही. इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवून पाहावा. तो हलकेच चार-पाच फेरे मारत राहिला आणि क्लचवर तेलाचे ओघळ दिसले, तर गुन्हेगार सापडला.

चंदगडकडच्या एका पिकअपवाल्याची गोष्ट सांगतो. तो सावंतवाडीकडून जांभ्याचे चिरे भरून आंबोली घाट चढून यायचा. घाटात गाडी तापायची. गॅरेजवाल्याने आधी थर्मोस्टॅट काढला. मग वॉटर पंप बदलला. मग रेडिएटर उतरवून त्याचं रॉडिंग करून आणलं, म्हणजे आतल्या नळ्यांमधून सळई घालून त्या साफ केल्या. यानंतर गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापायला लागली! माणूस रडकुंडीला आला होता, कारण बँकेचा हप्ता चिऱ्यांच्या फेऱ्यांवर चालायचा. माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, "मामा, इंजिनच उतरवायला सांगतायत."

मी त्याला विचारलं, घाटाशिवाय कुठे तापते? तो म्हणाला, नाक्यावर रांगेत उभी असली की तापते. भरलेली गाडी सपाटीला साठच्या वेगाने चालवली तर? नाही तापत. झालं की मग. भरली गाडी साठने पळते तेव्हा इंजिन काही आराम करत नसतं, तरी काटा वर जात नाही. म्हणजे रेडिएटर, पंप, हेड हे सगळे सुटले. घाटात दुसऱ्या गिअरवर रांगताना इंजिनाचा जोर सगळ्यात जास्त आणि समोरचा वारा जवळजवळ नाहीच, तिथे सगळी भिस्त पंख्यावर. क्लच पाहिला, तर तो मेलेला होता. आणि रेडिएटरच्या कामानंतर ताप का वाढला, त्याचं उत्तर समोरच दिसत होतं. पंख्याभोवती जे प्लास्टिकचं कडं असतं, ज्याला श्राउड म्हणतात, ते रॉडिंगच्या वेळी काढलेलं परत बसवलंच नव्हतं. पुष्कळ लोकांना ते शोभेचं वाटतं. पण ते कडं नसेल, तर पंखा जाळीतून वारा ओढण्याऐवजी बाजूचीच गरम हवा गोल गोल घुसळत बसतो. कडं त्याच्या गोठ्यात पडलेलं होतं. ते बसवलं, क्लच नवा घातला, थर्मोस्टॅट परत बसवला आणि गाडी घाट चढली. दुरुस्तीनंतर लक्षण बदललं, तर बिघाड शोधण्याआधी ती दुरुस्ती तपासायची, हे मी या प्रकरणानंतर प्रत्येक पोराला सांगतो.

आता उलटा प्रकार. गाडी उभी असताना ठीक, गावातल्या गावात ठीक, पण हमरस्त्यावर वेग घेतला किंवा माल भरला, की अर्ध्या तासात काटा चढतो. इथे वारा भरपूर आहे, मग पाणी नीट फिरत नाही किंवा रेडिएटरची ताकद उरलेली नाही. जुन्या गाडीत बहुतेक वेळा रेडिएटरच निघतो. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलेलं असतं. चहाच्या भांड्यात बसतो तसा क्षारांचा थर नळ्यांत बसतो आणि निम्म्या नळ्या बंद होतात. गाडी गरम असताना इंजिन बंद करून, पंख्यापासून हात लांब ठेवून, जाळीवर तळहात जवळ धरून फिरवला, तर मधेच थंड पट्टे जाणवतात. तिथून पाणी जातच नाही. हल्ली लांबूनच तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर स्वस्तात मिळतो, त्याने हेच काम जास्त सुरक्षितपणे होतं. बाहेरूनही जाळी बंद होते. भाताचं भूस, किडे, लाल चिखल. एसी असलेल्या गाडीत एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत हा कचरा गादीसारखा बसतो आणि समोरून पाहिलं तर काहीच दिसत नाही. जाळी धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारायचं. समोरून मारलं, तर कचरा आणखी आत ठासला जातो.

याच प्रकारात एक फसवा बिघाड आहे. रेडिएटरच्या खालच्या होज पाइपमधून पंप पाणी खेचतो. पाइप जुना होऊन मऊ पडला असेल आणि त्याच्या आतली स्प्रिंग गंजून गेली असेल, तर इंजिनाचा वेग वाढवल्यावर तो पाइप आत खेचला जाऊन चपटा होतो. गाडी उभी करून बॉनेट उघडलं, की पुन्हा गोल! म्हणून एकाने आत बसून अ‍ॅक्सिलरेटर द्यावा आणि दुसऱ्याने लांबून पाइपावर नजर ठेवावी. पंपाचंही तसंच. बाहेरून कोरडा, आवाज नाही, पण आतली पाती गंजून झिजलेली असली तर तो फिरतो आणि पाणी मात्र पुढे जात नाही. पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, तिथे पाण्याचे डाग दिसले तर सील गेलं असं समजावं.

तिसरा प्रकार, थंड गाडी चालू केल्यावर पाच-दहा मिनिटांत तापते. यात आधी पाणी बघा, बहुतेकदा ते कमीच असतं. पाणी पुरेसं असेल आणि काटा वर गेला असताना रेडिएटरचा वरचा पाइप अजून थंडच असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे. नुकतंच पाणी बदललं असेल, तर आत हवेचा फुगा अडकला असण्याचीही शक्यता असते. आणि यातलं काहीच नसेल, तर मग हेड गॅस्केटची शंका घ्यायला लागते. त्याच्याकडे नंतर येतो.

थर्मोस्टॅट काढून गाडी चालवण्याची आपल्याकडे फार सवय आहे. माझं मत विचाराल तर ती वाईट सवय आहे. दरवान काढल्यावर डिझेल इंजिन हवं तेवढं गरमच होत नाही, डिझेल जास्त पितं आणि आतून लवकर झिजतं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला, की गरम पाणी रेडिएटरला टाळून पुन्हा इंजिनात शिरतं आणि गाडी जास्तच तापते.

आता एका लहानशा वस्तूबद्दल, जिच्यामुळे मी माणसं भाजलेली पाहिली आहेत. रेडिएटरचं झाकण. हे नुसतं झाकण नव्हे, ती कुकरच्या शिट्टीसारखी दाबाची झडप आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं. झाकणाने सुमारे ०.९ बार दाब धरला, तर तेच पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. कूलंट मिसळलेलं असेल तर आणखी वर. तुमच्यापैकी जे उद्या लडाखमध्ये गाड्यांचे ताफे घेऊन जातील, त्यांच्यासाठी हा हिशेब फार महत्त्वाचा आहे. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब जेमतेम निम्मा, उघड्या भांड्यातलं पाणी सुमारे ८२ अंशांना उकळतं. म्हणजे थर्मोस्टॅट जेमतेम उघडायला लागतो, त्याच तापमानाला! झाकणाचं रबर फाटलेलं असेल, तर बाकी सगळं नवं कोरं असलेली गाडीही तिथे पाणी फेकेल. खाली पठाणकोटला तीच गाडी कदाचित तक्रारही करणार नाही.

झाकणाला दुसरीही एक छोटी झडप असते. इंजिन थंड होताना पाणी आकसतं, तेव्हा ती उघडते आणि बाजूच्या बाटलीतलं पाणी परत आत येतं. सकाळी बॉनेट उघडल्यावर पाइप पिळल्यासारखा चपटा दिसला, तर ही झडप चिकटलेली आहे. झाकण ही सगळ्यात स्वस्त वस्तू, म्हणून ते आधी तपासा. पण गरम असताना ते कधीही उघडू नका. आतलं पाणी ११० अंशांना असतं आणि केवळ दाबामुळे पाणी राहिलेलं असतं. दाब सुटला, की त्यातल्या काही भागाची क्षणात वाफ होते आणि उरलेलं उकळतं पाणी ती तोंडावर फेकते. फडकं टाकून, एक पाऊल मागे सरून उघडतो, असं सांगणारे भेटतील. ऐकू नका.

रस्त्यात काटा लाल पट्ट्याकडे गेला तर काय करायचं? एसी बंद, हीटर असेल तर तो पूर्ण चालू, कारण हीटर हाही एक छोटा रेडिएटरच आहे. सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या. पाणी गळत नसेल, वाफ येत नसेल आणि बेल्ट शाबूत असेल, तर एक-दोन मिनिटं न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा, म्हणजे आतली उष्णता फिरत्या पाण्याबरोबर निघून जाते. पण पाणी गेलं असेल किंवा बेल्ट तुटला असेल, तर ताबडतोब बंद. मग बॉनेट उघडून निदान पाऊण तास थांबायचं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं, की हेडला किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो. ताफा पुढे गेला, अंधार पडतोय, मालक फोनवर ओरडतोय, तरी थांबायचं.

काट्यावर किती भरवसा ठेवायचा, हाही एक प्रश्न आहे. तापमानाचा आणि डिझेलचा असे दोन्ही काटे एकदम वर गेले असतील, तर इंजिनापेक्षा डॅशबोर्डच्या वायरिंगवर संशय घ्या. जुन्या गाड्यांत दोन्ही काट्यांना वीज देणारा एकच स्टॅबिलायझर असतो. याउलट, वर गेलेला काटा एकाएकी खाली पडला आणि इंजिनाचा जोर मात्र कमी होतोय, तर खूश होऊ नका. पाणी संपलं, की सेन्सर कोरडा पडतो आणि कोरडा सेन्सर खोटं बोलतो. इंजिनं जाम होतात ती पुष्कळदा अशीच, काटा मधोमध असताना.

आता हेड गॅस्केट. इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्या मधली ही पत्र्याची पट्टी एका बाजूला ज्वलनाचा प्रचंड दाब आणि दुसऱ्या बाजूला पाणी-तेल यांना वेगळं ठेवते. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा असेल, तर अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या सुमारे दुप्पट फुगतं. एकदा अति तापलं, की हेड वाकतं आणि गॅस्केट जागा सोडतं. मग ज्वलनातला वायू पाण्यात घुसतो. म्हणजे हेड गॅस्केट हे कधी तापण्याचं कारण असतं, तर कधी परिणाम. पंख्याच्या क्लचमुळे तापत राहिलेली गाडी शेवटी हेडवर जाते आणि मग नुसतं हेड फेसिंग करून नवं गॅस्केट घातलं, पण क्लच तसाच ठेवला, तर दोन महिन्यांत पुन्हा तेच.

हे ओळखण्यासाठी इंजिन उतरवावं लागत नाही. सकाळी पूर्ण थंड गाडीचं झाकण काढा, पाणी काठोकाठ भरा आणि गाडी चालू करा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतात, तो अडकलेल्या हवेचा भाग. पण ते थांबतच नसतील आणि अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर वाढत असतील, तर वायू आत येतोय. झाकण लावून थंड गाडी चालू केल्यावर दोन मिनिटांतच वरचा पाइप दगडासारखा कडक होणं, हीही तीच खूण. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर, गरम झाल्यावरही न थांबणारा गोडसर वासाचा पांढरा धूर, बाहेर कुठेही गळती नसताना रोज कमी होणारं पाणी. यातली दोन लक्षणं एकत्र दिसली, तर गाडी चालवणं बंद करून चांगला फिटर गाठा.

सेनेत गाडी बाहेर काढण्याआधी फर्स्ट परेड होते, वाटेत थांब्यावर हॉल्ट परेड आणि परतल्यावर लास्ट परेड. घरच्या पिकअपलाही सकाळची दोन मिनिटं द्यायला हरकत नाही. बाटलीतलं पाणी खुणेपर्यंत आहे का, काल होतं तेवढंच आहे का, बेल्ट अंगठ्याने दाबून पाहायचा, पाइप चिमटून पाहायचे, गाडीखालच्या जमिनीवर नजर टाकायची. पाण्याचा रंग तांबूस झाला असेल, तर आत गंज धरतोय. भरायचं ते शुद्ध केलेलं, क्षार नसलेलं पाणी आणि कंपनीने सांगितलेला कूलंट, साधारण निम्मा-निम्मा.

थर्मोस्टॅट तर तुम्ही भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतही तपासू शकता. एमटी शेडमध्ये जुने पडलेले असतात, एक मागून घ्या. दोऱ्याला बांधून पाण्यात टांगा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी तापवा. त्याच्यावर आकडा कोरलेला असतो, ८२ असेल तर त्याच्या आसपास झडप हलायला लागली पाहिजे आणि आणखी दहा-बारा अंशांत पूर्ण उघडली पाहिजे. पाणी निवताना ती परत बंद होते का, तेही पाहा. फक्त पातेलं मेसमधलं घेऊ नका. थर्मोस्टॅटला लागलेला कूलंट चवीला गोड आणि पोटात विषारी असतो, आणि मेसच्या आचाऱ्याला ते कळलं तर मला शेडमध्ये लपायला जागा उरणार नाही.